कामाच्या ठिकाणचे सुगंध, दमा आणि अर्धशिशी : रास्त सवलत मागायची कशी?

कृष्णाकाठची (धागालेखिका) :

सांगलीतील एका पतसंस्थेच्या शाखेत मी रोखपाल आहे. मला लहानपणापासून दमा आहे, परंतु नियमित पंपामुळे तो आटोक्यात होता आणि त्याची कामात कधी अडचण झाली नव्हती. शाखेचे नूतनीकरण झाल्यापासून मात्र चित्र पालटले आहे. जुन्या लाकडी खिडक्यांच्या जागी न उघडणाऱ्या काचा आल्या, दोन स्प्लिट एसी आले, आणि रोखीच्या खिडकीच्या बरोबर वर, ठरावीक वेळाने आपोआप फवारा सोडणारे सुगंधाचे यंत्र आले. सकाळी सुवासिक फिनेलने फरशी पुसली जाते, पाठोपाठ देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लागते, मग दार लावून एसी सुरू होतो आणि यंत्र दिवसभर आपले काम करीत राहते. दुपारपर्यंत माझी छाती आवळल्यासारखी होते, कोरडा खोकला लागतो, आणि बहुतेक संध्याकाळी डोक्याची एक बाजू ठणकत असतानाच घर गाठावे लागते. रविवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांमध्ये यातले काहीही होत नाही.

शाखाधिकाऱ्यांना तोंडी सांगून पाहिले. ते सज्जन आहेत, पण यंत्र मुख्य कार्यालयाने सर्व शाखांना दिले असल्यामुळे ते काढणे आपल्या हातात नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. फारच त्रास होत असेल तर दूरच्या जत शाखेत बदलीची शिफारस करतो, असेही त्यांनी सुचवले. मुलगा दहावीला असताना जतला जाणे याला मी सवलत म्हणावे की शिक्षा, हे मला कळेना. एका सहकाऱ्याने तर, दुर्गंधीने आजारी पडलेली माणसे ऐकली होती, सुगंधाने आजारी पडलेली पहिल्यांदाच पाहिली, असे सर्वांसमोर म्हटले.

मला कोणाच्या अत्तरावर वा गजऱ्यावर बंदी आणायची नाही. या त्रासाला वैद्यकीय आधार कोणता, कायद्यात त्याला जागा आहे का, आणि संबंध न बिघडवता मागणी कशी मांडावी, एवढेच जाणकारांनी सांगावे.


मिरज_ओपीडी :

मी मिरजेत छातीच्या विकारांचे रुग्ण पाहतो. आपल्याला प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणूनच घ्यावा.

कामाच्या दिवशी वाढणारा आणि सुट्टीत ओसरणारा त्रास, हा आपण सांगितलेला क्रमच निदानाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. 'सुगंधाचा त्रास' या एका नावाखाली आम्हाला दवाखान्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे श्वासमार्गाची जळजळ. वास कळतो तो नाकातील गंधपेशींमुळे. परंतु झोंबणे आणि चुरचुरणे ही जाणीव ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्याच मज्जातंतूकडून येते, आणि खालच्या श्वासनलिकांमध्येही अशीच संवेदनशील टोके असतात. फोडणीत मिरची जळाली की सगळ्या घराला ठसका लागतो, तो मिरचीचा वास वाईट असतो म्हणून नव्हे. दमेकऱ्याच्या श्वासनलिका मुळातच चटकन आकसणाऱ्या असल्यामुळे इतरांना सुखद वाटणारी मात्राही त्याला पुरेशी ठरते. दुसरी गोष्ट अर्धशिशीची. या रुग्णांमध्ये वास नकोसा होणे हे रोगाचेच एक लक्षण असते, आणि तीव्र अत्तराने झटका सुरू झाल्याचे पुष्कळ रुग्ण सांगतात. तिसरी गोष्ट त्वचेची. ही मात्र खरीखुरी अॅलर्जी असते. ती उशिरा उमटते आणि पाठीवर पट्ट्या चिकटवून केल्या जाणाऱ्या पॅच टेस्टने शोधता येते.

पहिल्या दोन प्रकारांना रक्ताची कोणतीही तपासणी दुजोरा देत नाही, आणि नेमका येथेच रुग्णावर अन्याय होतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' याचा अर्थ नातेवाईक आणि साहेब दोघेही 'काहीच झालेले नाही' असा करतात. यावर एक साधा उपाय आहे. औषधाच्या दुकानात पीक फ्लो मीटर नावाची, फुंकरीचा वेग मोजणारी नळी मिळते. दिवसातून किमान चार वेळा, कामावर असताना आणि सुट्टीच्या दिवशीही, सलग काही आठवडे तिचे आकडे वहीत टिपावेत. प्रत्येक वेळी तीन फुंकरा मारून त्यांतील सर्वांत मोठा आकडा लिहायचा असतो. कामाच्या दिवशी आकडा सातत्याने खाली जात असेल तर ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. दरम्यान नेहमीचा पंप स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये.


मोगरा :

मी स्वतः कार्यालयात रोज गजरा माळून जाते आणि वर्षानुवर्षे एकच अत्तर वापरते, म्हणून दुसरी बाजू मांडते. धागालेखिकेच्या त्रासाविषयी मला शंका नाही. परंतु अशा मागण्या एकदा सुरू झाल्या की त्या कोठे थांबतात, हा प्रश्न रास्त आहे. आज यंत्र, उद्या उदबत्ती, परवा माझा गजरा. सांगलीच्या उन्हाळ्यात शंभर माणसे ज्या दालनातून ये-जा करतात तेथे घामाचा दर्प असतोच, आणि त्याचाही काहींना त्रास होतो; त्यांनी कोणाकडे जायचे? शिवाय देव्हाऱ्यापुढची उदबत्ती बंद करा असे सांगण्याचे धाडस कोणता शाखाधिकारी करील? तुमच्या दम्यासाठी माझी सवय गुन्हा ठरणार असेल तर मला ते मान्य नाही.


रसायनशाळा :

मोगरा यांचा प्रश्न चांगला आहे, कारण त्याचे उत्तर मात्रेच्या हिशेबात सापडते. गजरा हा एक लहान स्रोत आहे, तो संध्याकाळपर्यंत मलूल होतो आणि माणसाबरोबर हलतो. भिंतीवरचे यंत्र हा बंद खोलीतला न थांबणारा स्रोत आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा सोडतो, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यामुळे सकाळच्या फिनेलची वाफ, उदबत्तीचा धूर आणि दिवसभराचा फवारा हे सर्व एकमेकांत मिसळून तेथेच फिरत राहते. ज्या शाखेच्या खिडक्या उघडत नाहीत तेथे हा हिशेब फार लवकर वाईट होतो.

आता त्यात असते काय. डब्यावर 'परफ्यूम' एवढा एकच शब्द छापलेला असला तरी त्यामागे अनेकदा कित्येक डझन संयुगे असतात. संत्र्या-लिंबाच्या वासासाठी लिमोनीन, लव्हेंडरच्या वासासाठी लिनालूल, लवंगेच्या वासासाठी युजेनॉल. लिमोनीन आणि लिनालूल ताजे असताना त्वचेला फारसे त्रासदायक नसतात. हवेशी संयोग होऊन त्यांची जी ऑक्सिडीकृत रूपे तयार होतात ती अॅलर्जी निर्माण करतात. लिमोनीनची हवेतील ओझोनशी अभिक्रिया झाली की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात, म्हणजे 'लिंबाची ताजगी' म्हणून जे विकले जाते ते खोलीत गेल्यावर वेगळेच काही होऊन बसते. युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांवर 26 सुगंधी घटकांची नावे ठरावीक प्रमाणापलीकडे स्वतंत्रपणे छापणे 2005 पासून सक्तीचे केले आणि 2023 च्या नियमाने ती यादी 80 च्या पुढे नेली. 'आमचे अत्तर नैसर्गिक आहे' या म्हणण्याने येथे काही फरक पडत नाही, कारण वरची तिन्ही संयुगे झाडांतूनच मिळतात.

उदबत्तीचा मुद्दा वेगळा आहे. तिथे सुगंधाहून धूर अधिक महत्त्वाचा; कोळशाची पूड आणि बांबूची काडी जळून जे सूक्ष्म कण निघतात ते फुफ्फुसात खोलवर जातात. बिनवासाची उदबत्ती लावली तरी दमेकऱ्याला ती त्रास देईलच.

एक व्यावहारिक सूचना : अशा त्रासावर पुष्कळजण एन-95 मास्क किंवा हवा शुद्ध करणारे यंत्र विकत घेतात. मास्क आणि अशा यंत्रातली हेपा नावाची बारीक गाळणी कण अडवतात, वाफ अडवत नाहीत. सुगंधाच्या वाफेसाठी सक्रिय कोळशाची गाळणी लागते, आणि तिचा कोळसा भरत आला की ती बदलावी लागते. स्रोत चालू ठेवून गाळणीवर पैसे घालणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.


कुपवाड_शिफ्ट :

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभाग सांभाळतो. आमच्याकडे हीच तक्रार आली होती ती महिला कर्मचाऱ्याकडून नव्हे, तर हजेरी विभागातील एका धट्ट्याकट्ट्या माणसाकडून. दुसरी पाळी सुटल्यावर पन्नासेक तरुण एकाच वेळी कपडे बदलण्याच्या खोलीत बॉडी स्प्रे उडवत, आणि त्याला लागून असलेल्या केबिनमध्ये हा गृहस्थ खोकून हैराण होई. पहिला विचार 'बॉडी स्प्रे वापरू नये' असे परिपत्रक काढण्याचा होता. तसे केले असते तर ते परिपत्रक दुसऱ्या दिवशी चेष्टेचा विषय झाले असते, आणि ज्याच्यासाठी ते काढले त्याचे नाव साऱ्या वसाहतीत झाले असते.

त्याऐवजी आधी आमच्या स्वतःच्या घरात काय आहे ते पाहिले. शौचालयांत डांबरगोळ्या होत्या, स्वागतकक्षात फवाऱ्याचे यंत्र होते, कॉन्फरन्स रूममध्ये कोणीतरी भेट दिलेले सुगंधी तेलाचे भांडे होते, आणि सफाईच्या ठेकेदाराने वासावरूनच स्वच्छता मोजली जाते अशा समजुतीने फिनेलची मात्रा दुप्पट केलेली होती. या सर्व गोष्टी संस्थेने आणलेल्या होत्या, त्यामुळे त्या काढताना कोणाच्याही अंगाला हात लागत नव्हता. फरशी पुसण्याची वेळ कामकाजाच्या आधीची न ठेवता आदल्या संध्याकाळची केली, कीटकनाशकाची फवारणी आणि रंगकाम आठवड्याच्या सुट्टीला जोडून घेतले, कपडे बदलण्याच्या खोलीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला आणि त्या माणसाचे टेबल दुसऱ्या टोकाला हलवले. शेवटी तरुणांना एवढेच सांगितले की स्प्रे पंख्याखाली उभे राहून मारावा. बहुतेकांनी ऐकले, दोघे-तिघे अजूनही ऐकत नाहीत. एवढे चालायचेच.

माझे ठाम मत असे की इमारतीने आणलेल्या वासासाठी नियम करावा आणि माणसाने आणलेल्या वासासाठी विनंती करावी. हे दोन्ही एकाच परिपत्रकात घातले की दोन्ही बुडतात.


अजिंक्यतारा :

साताऱ्यात वकिली करतो, त्यामुळे कायद्याचा भाग माझ्याकडे. आधीच सांगतो की येथे आशा आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा असून तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत 21 प्रकार आहेत. त्यांत दमाही नाही आणि अर्धशिशीही नाही. मात्र याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची जी व्याख्या आहे ती अनुसूचीपेक्षा विस्तृत असून, दीर्घकालीन व्याधी आणि भोवतालचे अडथळे यांच्या संयोगाने समाजातील सहभागास बाधा येणे, हा तिचा गाभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देताना, रास्त सोयीसुविधा केवळ 40 टक्के दिव्यांगत्वाच्या निकषात बसणाऱ्यांपुरती मर्यादित नाही असा निर्वाळा दिला. हा निकाल सुगंधाविषयी नाही, तरीही सवलतीकडे पाहण्याची दृष्टी त्यातून मिळते.

अडचण पुढे आहे. नोकरीत रास्त सोय पुरवण्याचे थेट बंधन कलम 20 मध्ये शासकीय आस्थापनांवर घातलेले आहे. पतसंस्था ही सर्वसाधारणपणे त्यात मोडत नाही. खासगी आस्थापनांना कलम 21 नुसार समान संधी धोरण जाहीर करावे लागते, पण ते बहुतेक ठिकाणी कपाटातच असते. धागालेखिकेला अधिक उपयोगी पडेल तो 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, कारण कायद्यात ठरवलेल्या किमान संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत स्वच्छता, उजेड आणि वायुवीजन यांची जबाबदारी त्याने मालकावर टाकली आहे. न उघडणाऱ्या खिडक्यांचा प्रश्न सरळ वायुवीजनाचा आहे. तो मांडण्यासाठी कोणालाही स्वतःला दिव्यांग म्हणवून घ्यावे लागत नाही.

परदेशातील दोन उदाहरणे पत्रात नव्हे, पण चर्चेत उपयोगी पडतील. अमेरिकेत डेट्रॉइट शहराच्या नियोजन विभागातील एका महिला कर्मचाऱ्याने सहकाऱ्याच्या परफ्यूममुळे आणि प्लगमध्ये खोचायच्या सुगंधी उपकरणामुळे श्वास घेणे कठीण झाल्याचा दावा दिव्यांगांविषयीच्या तेथील कायद्याखाली लावला होता. 2010 मध्ये शहराने एक लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि आपल्या तीन इमारतींत सुगंधी प्रसाधने टाळण्याविषयी सूचना लावण्याचे मान्य केले. दुसरे उदाहरण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे. त्यांच्या 2009 च्या धोरणात सुगंधी मेणबत्त्या, फवारे आणि प्लगमधली उपकरणे इमारतींच्या आत सरसकट मनाई केलेली आहेत. कर्मचाऱ्यांना मात्र शक्य तितके बिनवासाचे राहण्यास प्रोत्साहन दिले आहे. कुपवाड_शिफ्ट यांनी अनुभवातून जी रेघ ओढली, नेमकी तीच तेथे ओढलेली दिसते.


मार्केटयार्ड_दिवाणजी :

सर्व प्रतिसाद वाचले. मी हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. आमच्याकडे वास हाच धंदा आहे. सौद्याच्या दिवशी पोत्यातून नमुना काढून हळकुंड मोडले की जाणता व्यापारी रंगाइतकाच वासावरून भाव ठरवतो. पॉलिशच्या ड्रमशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झालेल्या असतात. तिकडे तासगावच्या बाजूला बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्या खोलीचे दार उघडणाऱ्या बाईने तोंडाला पदर लावलेला असतो, बस. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे फलक दुकानोदुकानी लागले, पण ड्रमपाशी मास्कची पेटी आलेली मी पाहिली नाही.

एसीतल्या सुगंधाची तक्रार आम्हाला चोचले वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. तसे का वाटते याचे कारणही सांगतो. आमच्या हमालाला दम लागला तर तो पीक फ्लोची वही दाखवायला जात नाही, काही दिवस पोती उचलणे सोडून दुकानासमोर बसतो आणि मग गावी जातो. पत्र लिहिता येणाऱ्यांनीच सवलती मागायच्या का?


मिरज_ओपीडी :

दिवाणजींच्या मुद्द्याला चोचले म्हणून कोणी बाजूला सारू नये, त्यांनीही दुसऱ्याला सारू नये. गंधकाच्या धुरीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड हा दम्याचा सिद्ध झालेला कारक आहे. दमेकऱ्याने श्रम करीत असताना तो हुंगला तर हवेच्या दशलक्ष भागांत एका भागाहूनही कमी प्रमाण असताना काही मिनिटांत श्वासनलिका आकसतात. त्या मानाने कार्यालयातील फवारा सौम्य खरा. परंतु दोन्ही ठिकाणी रुग्णाची छाती एकच असते आणि दोन्ही ठिकाणी उपायाचा क्रमही एकच असतो : आधी स्रोत, मग वायुवीजन, आणि सर्वांत शेवटी मास्क. धुरीच्या खोलीसाठी तर साधा मास्क निरुपयोगीच आहे, कारण तो वायू अडवीत नाही. दार उघडून खोली पूर्ण मोकळी होईपर्यंत कोणीही आत जाऊ नये, हा नियम बिनखर्चाचा आहे. अडत दुकानातील कोणाला सतत दम लागत असेल तर हंगाम संपण्याची वाट न पाहता तपासणीला पाठवावे. नळी फुंकायला लिहिता यावे लागत नाही; आकडे दुसरा कोणीही लिहू शकतो.


हॅलिफॅक्सवासी :

मूळचा सांगलीतल्या विश्रामबागचा, सध्या कॅनडात. ज्या शहरात राहतो ते हॅलिफॅक्स या विषयासाठी प्रसिद्ध आहे. 1990 च्या दशकापासून येथील रुग्णालये, शाळा, डलहौसी विद्यापीठ आणि अनेक कार्यालये यांनी 'सुगंध टाळा' अशी धोरणे स्वीकारली. बाहेरून ऐकताना हे फार कडक वाटते, प्रत्यक्षात त्यातील बराचसा भाग सौजन्यावर चालतो. दारावर पाटी असते, नेमणुकीच्या पत्रात एक ओळ असते, आणि कोणी विसरून अत्तर लावून आले तर शेजारचा माणूस हळूच सांगतो. कोणाला घरी पाठवल्याचे मी तरी पाहिलेले नाही. टीकाही होते. काहींना हा व्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला वाटतो, तर ज्यांना खरोखर त्रास आहे ते म्हणतात की पाटी आहे पण पाळतो कोण.

एक गोष्ट मात्र येथून घेण्यासारखी आहे. त्रास कोणाला आहे हे पाटीवर कधीच लिहिलेले नसते. सांगलीसारख्या ठिकाणी, जिथे शाखेतले सगळे एकमेकांच्या घरी हळदीकुंकवाला जातात, तिथे तर हे फारच आवश्यक आहे, असे मला वाटते.


अजिंक्यतारा :

मागणी कशी मांडावी, असे धागालेखिकेने विचारले होते. मी असा मसुदा सुचवतो :

'माननीय शाखाधिकारी यांस, सविनय सादर. मला दम्याचा विकार असून त्याविषयी डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. शाखेतील कामाच्या वेळेत माझ्या श्वसनक्षमतेत होणारी घट दाखवणारी नोंदही सोबत आहे. शाखेत खिडक्या उघडत नसल्यामुळे सुगंधी फवाऱ्याची व फिनेलची वाफ साठून राहते, असे दिसते. तरी रोखीच्या खिडकीवरील सुगंधयंत्र एक महिना प्रायोगिक स्वरूपात बंद ठेवावे, फरशी पुसण्याचे काम कामकाजानंतर करावे व बाहेर हवा फेकणारा एक पंखा बसवावा, ही विनंती. सदर कालावधीत माझी नोंद चालू ठेवून ती आपणांस सादर करीन. या उपायांमुळे ग्राहकसेवेत कोणतीही बाधा येणार नाही.'

यात कायद्याचे कलम जाणीवपूर्वक घातलेले नाही. पहिल्याच पत्रात कलम घातले की ते पत्र शाखेतून थेट वकिलाकडे जाते, आणि मग महिनाभराच्या प्रयोगाला 'हो' म्हणण्याचा अधिकार असलेला माणूसही गप्प बसतो. 'प्रायोगिक' हा शब्द ठेवावा. मुख्य कार्यालयाने दिलेली वस्तू काढली असे शाखाधिकाऱ्यांना लिहावे लागत नाही, तात्पुरती बंद ठेवली असे लिहिता येते. बदलीचा विषय पत्रात आपण होऊन काढू नये. त्यांनी तो लेखी काढला, तर मात्र मागितलेली सोय न देता दूरची बदली देण्याचे कारण लेखी मागावे.


मोगरा :

मी पुन्हा लिहिते आहे. गजऱ्याला कोणी हात लावत नाही हे वाचून बरे वाटले. पण अत्तराविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर, माझ्या टेबलाशेजारी बसणारी बाई दुपारी डोके धरून बसते तेव्हा तिने आजवर मला काही विचारलेले नाही, आणि मीही नाही. तिला विचारते. अत्तर कानामागे लावण्याऐवजी घरातून निघण्याच्या बऱ्याच आधी लावले तर फरक पडतो का, हे रसायनशाळा यांनी सांगावे. आणि गणेशोत्सव, लक्ष्मीपूजन यांचे काय? त्या दिवशी धूप-कापराशिवाय पूजा होणार नाही.


रसायनशाळा :

थोडा पडतो. अत्तरातले सर्वांत हलके, चटकन उडणारे घटक पहिल्या अर्ध्या तासात बरेचसे निघून जातात; तळाचे जड घटक मात्र दिवसभर रेंगाळतात, आणि कापडाला लागले तर धुतल्यावरही राहतात. त्यामुळे मात्रा कमी करणे हे वेळ बदलण्यापेक्षा अधिक उपयोगी.


कृष्णाकाठची :

सर्वांची मनापासून आभारी आहे. डॉक्टरांना दाखवून, नोंदवही जोडून, वरील मसुद्यात किरकोळ बदल करून पत्र दिले. शाखाधिकाऱ्यांनी ते वाचून यंत्रातले सेल स्वतः काढले आणि आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवले. यंत्र भिंतीवर तसेच आहे, त्यामुळे तपासणीला कोणी आले तरी प्रश्न येणार नाही. फरशी आता शाखा बंद झाल्यावर पुसली जाते. शिपाईमामांना त्यासाठी संध्याकाळी थांबावे लागते, म्हणून त्यांची सकाळी येण्याची वेळ तेवढी उशिराची केली, आणि हे त्यांना विचारून केले. पंख्याचा प्रस्ताव मुख्य कार्यालयाकडे गेला आहे, तिथून अद्याप काही आलेले नाही. नळीचे आकडे सुधारले आहेत. डोकेदुखीत मात्र म्हणावा तसा फरक नाही. डॉक्टरांच्या मते तिचे कारण अंशतः वेगळे असू शकते, आणि त्याची तपासणी चालू आहे. कर्ज विभागातील एका साहेबांच्या अत्तराचा प्रश्नही तसाच आहे आणि तो मी तूर्त काढणार नाही.

मोगराताई, लक्ष्मीपूजनाविषयी आमच्याकडे असे ठरले आहे की पूजा आतच होईल, धूप आणि कापूर आरतीच्या वेळी दार सताड उघडे राहील आणि एसी बंद असेल. मी आरतीला पायरीवर उभी राहीन आणि प्रसादाला आत येईन. रोजच्या उदबत्तीऐवजी तेलाची समई लावण्याची सूचना शिपाईमामांनीच केली.


कास_पठार :

साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या शिक्षकखोलीत खडूची धूळ आणि शौचालयातून येणारा डांबरगोळ्यांचा वास असा दुहेरी त्रास आहे. वरचाच मसुदा वापरता येईल का?


अजिंक्यतारा :

वापरता येईल. शाळा शासकीय किंवा अनुदानित असल्यास पत्र मुख्याध्यापकांच्या नावे द्यावे आणि त्याची प्रत संस्थेच्या सचिवांना अथवा शिक्षणाधिकाऱ्यांना लगेच न पाठवता, उत्तर न आल्यासच पाठवावी. डांबरगोळ्या आणि खडूची धूळ हे विषय एकाच पत्रात दोन स्वतंत्र परिच्छेदांत मांडावेत, कारण पहिल्याचा निर्णय मुख्याध्यापक त्याच दिवशी घेऊ शकतात, दुसऱ्याला खरेदीची मंजुरी लागेल. पत्र देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेण्यास विसरू नये.